तपासलेल्या कुप्या

माझा स्वभाव संशयी आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे कुणी म्हणेल, बाईनं लपवलं. दूधवाल्यानं भांड्यात दूध ओतलं की मी त्यात बोट बुडवून थेंब नखावर घेऊन पाहते. मिलवाल्यानं तांदळाचा कट्टा म्हणजे पोतं तोलून दिलं की घरच्या काट्यावर परत तोलते. परीक्षेच्या दिवशी वर्गावर मी असले तर पोरं खिशातला रुमालसुद्धा विचारून काढतात. आई म्हणते, "तू तं देवाच्या परसादाचीही पावती मागशीन." मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. गोंदियातल्या एका कॉलेजात मी भूगर्भशास्त्र शिकवते, आणि शास्त्रात संशय हा दोष नसून गुण आहे, असं अठरा वर्षं फळ्यासमोर उभी राहून सांगत आले आहे.

चाळिशी उलटल्यावर मी पीएचडीला नाव घातलं. विषय समुद्राचा. आमचं गाव बिरसीच्या विमानतळाला लागून. तिथून कुठल्याही दिशेला निघालात तरी समुद्र दिसायला अख्खी रात्र रेल्वेत काढावी लागते. गावातले लोक विचारत, "समुद्र तिकडं, तू इकडं का करून राहिली?" मी सांगायची की मला आजचा समुद्र नकोच, वीस हजार वर्षांपूर्वीचा हवा, आणि तो पोस्टानं पिशवीत येतो.

ही थट्टा नव्हती. समुद्रात फोरॅम नावाचे एकपेशीय जीव असतात. रव्याच्या कणाएवढं चुन्याचं कवच बांधतात, मरतात, कवच तळाशी जातं, वर गाळ बसत राहतो. कवच बांधताना ते पाण्यातलं किंचित बोरॉनही आत घेतात. पाणी आम्लाकडे झुकलेलं असेल तर कमी, नसेल तर जास्त. म्हणून एखाद्या जुन्या थरातली कवचं निवडून त्यातलं बोरॉन मोजलं, तर तेव्हाच्या समुद्राचं पाणी कसं होतं आणि वरच्या हवेत कर्बवायू किती होता, हे ताडता येतं. किनाऱ्यावरच्या एका संस्थेत माझे मार्गदर्शक सर आहेत. ते गाळ धुऊन, वाळवून, थरवार पिशव्यांत घालून पाठवत. सोबत आम्लानं धुतलेल्या नखाएवढ्या कुप्या. आम्ही प्रत्येक थरातून एकाच जातीची साठ कवचं निवडून कुपीत भरायची आणि परत पाठवायची. मोजण्याचं यंत्र तिकडं.

आम्ही म्हणजे मी आणि रीता. रीता माझी विद्यार्थिनी, बीएस्सी होऊन घरी बसलेली. तिचा बाप चैतराम आमचं चार एकर शेत ठेक्यानं करतो. भाऊ खुमेंद्र नागपूरला राहतो, त्यामुळे शेत कुणाला द्यायचं हे दर उन्हाळ्यात मीच ठरवते. कॉलेजात जागा नव्हती, तेव्हा प्राचार्यांची परवानगी काढून सूक्ष्मदर्शक घरी आणला आणि समोरच्या खोलीत खिडकीपाशी मांडला. मी सकाळी कॉलेजला जायच्या आधी बसायची, रीता दुपारी.

काम सोपं वाटतं, पण तसं नाही. काळ्या ताटलीत चिमूटभर गाळ पसरायचा, बारीक ब्रशचं टोक ओलं करायचं आणि हवं ते कवच टोकाला चिकटवून उचलायचं. हाताचा कवचाला स्पर्श होत नाही. दोन जाती दिसायला इतक्या सारख्या की फरक फक्त तोंडाच्या भोकात. त्यात डोक्यावरून शिकाऊ वैमानिकांची विमानं घिरट्या घालतात. विमान आलं की टेबल थरथरतं, म्हणून ते पुढे जाईपर्यंत ब्रश वर धरून बसायचं. साठ कवचांना मला दीड दिवस लागे. रीताची एका दुपारीत होत.

इथंच माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली. मी शिकवलेली पोर माझ्यापेक्षा तिप्पट वेगानं काम करते कशी?

मी तिला काही बोलले नाही. संध्याकाळी ती घरी गेली की तिची कुपी उघडायची, कवचं ताटलीत ओतायची, मोजायची, जात पाहायची, परत भरायची आणि अंगठ्यानं झाकण दाबून लावायचं. साठच्या साठ भरत. एखाद्या दिवशी एकसष्ट. जातही बरोबर. तरी दुसऱ्या दिवशी मी परत मोजायची, कारण काल बरोबर निघालं म्हणून आज बरोबरच असेल असं कुठं लिहिलंय? कुपीवर थराचा नंबर, तारीख आणि निवडणाराचं अक्षर असे. माझ्या कुपीवर भूमेश्वरीचा भू, तिच्या कुपीवर री.

डिसेंबर-जानेवारीचे दिवस. धान मिलमधून निघून घरी येत होतं. नव्या तांदळाला किडे लागू नयेत म्हणून आमच्याकडे किड्याची पावडर चोळतात, तशी आई मागच्या छपरीत ताडपत्री टाकून चोळत बसे. कॉलेजातून आले की मीही बसायची. खुमेंद्रला पाठवायचे कट्टे, बालाघाटच्या मावशीचे, गावातल्यांचे. मग हात धुऊन ओढणीला पुसायचे आणि समोरच्या खोलीत जाऊन रीताची कुपी मोजायची. असा तेव्हाचा क्रम होता.

त्याच सुमारास सरांच्या संस्थेत एक जागा निघाली. दिवसभर कवचं निवडणारं, हात स्थिर असलेलं माणूस त्यांना हवं होतं. सर म्हणाले, "तुमचं पत्र आलं तर रीताला बोलावतो. पंधरा मार्चच्या आत पाठवा." रीताला मी त्याच दुपारी सांगितलं. चैतरामनं तिच्यासाठी साकोलीकडचं एक स्थळ पाहून ठेवलं होतं. मुलाला दोन ट्रॅक्टर होते आणि बायको शिकलेली असली तरी घरात राहणारी हवी होती. नोकरी लागली तर लग्नाचं थांबवतो, नाहीतर वैशाखात उरकतो, असं चैतरामनं सांगितलं होतं. म्हणजे माझ्या एका पत्रावर पोरीचं सगळं अडलं होतं. आणि हे मला पक्कं ठाऊक होतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सरांचा फोन आला.

"भूमेश्वरी, तुमच्या समुद्रात कपडे धुता येतील," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"बत्तीसपैकी सात कुप्यांत बोरॉन इतकं निघालंय, की तो समुद्र नाही, साबणाचं पाणी आहे. असा समुद्र पृथ्वीवर कधी नव्हता. कुणी निवडल्यात त्या?"

त्यांनी नंबर सांगितले. मी वही काढली. सातही कुप्या री.

मला काय वाटलं ते खरं सांगते. वाईट वाटलं नाही. बरं वाटलं. इतके दिवस मोजत होते ते उगीच नव्हतं! तिच्या उरलेल्या नऊ कुप्या चांगल्या निघाल्या होत्या, पण त्याचं उत्तरही माझ्याकडे तयार होतं. नऊ दिवस इमान राखलं, सात दिवस आळस केला. संशयी माणसाला पुराव्याची टंचाई कधी पडत नाही.

मी तिचा खण उघडला. शिकवण्यासाठी मी तिला आजच्या समुद्रातल्या कवचांची एक पट्टी दिली होती. तिच्यातली अकरा कवचं गायब होती. खणात मागे एक काडेपेटी सापडली, आत काळा कागद, कागदावर ती अकरा कवचं डिंकानं ओळीत चिकटवलेली. झालं. सगळा मामला मला लख्ख दिसला. थरात साठ सापडली नाहीत की ही पोर आजची कवचं घालून भरती करत होती. संख्या बरोबर, जात बरोबर, मोजणारीला काय कळणार? अकराही कवचं काडेपेटीतच होती, मग कुपीत कुठली गेली, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी रीता आली. मी काडेपेटी तिच्यापुढे ठेवली.

"हे काय?"

"अभ्यासाले नेली होती मॅडम. दोन जाती सारख्या दिसतात म्हणून घरी भिंगातून पाहत होती."

"न विचारता?"

"चुकलं. विचारायले पाहिजे होतं."

"आणि गाळातली कमी पडली की यातली घालत होतीस."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रीताचा चेहरा तसा शांत. रागावली की ती आणखी हळू बोलते.

"नाही मॅडम. आन् तसं केलं असतं तं आकडा वर कायले गेला असता? आताचा समुद्र जास्त आम्ल आहे. आताची कवचं घातली असती तं बोरॉन कमी भरलं असतं. तुम्हीच शिकवलं."

तिचं बरोबर होतं. मला ते आदल्या रात्री सुचलं नव्हतं असंही नाही. सुचलं होतं आणि मी ते बाजूला सारलं होतं. पण माझं शिकवलेलं माझ्याच तोंडावर कुणी फेकावं, तेही आमच्याच शेतावर राबणाऱ्याच्या पोरीनं, याचा मला असा काही संताप आला की मी खुर्चीवरून उठले.

"मला शिकवू नकोस. सात कुप्या, सातही तुझ्या. दुसरं कोण येतं इथं? उद्यापासून यायचं नाही. पत्राचं विसर."

ती ब्रश धुऊन, कापडावर आडवा ठेवून गेली. आई दारात उभी होती. म्हणाली, "काऊन व भूमे, पोरीवर येवढी खेकसून राहिली? तोंडावरून तं चोर नाई दिसत ते."

"चोर तोंडावरून दिसत असते तर पोलीस कशाला ठेवले असते?" मी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी चैतराम आला. सोबत रीता. चैतराम अंगणातच थांबला, खुर्ची दिली तर बसला नाही.

"ताई, पोरीची चूक झाली," तो म्हणाला. "सांग व, ताईले सांग."

रीता खाली पाहत म्हणाली, "मीच भरली मॅडम. आताची कवचं. माफ करा."

"सातही?"

"हो. सातही."

"मग परवा खोटं का बोललीस?"

चैतरामच घाईनं म्हणाला, "भ्याली जी. लहान आहे. आता वैशाखात देऊन टाकतो, तुमच्या डोक्याले तरास नाही." मग थोडं थांबून, आवाज खाली आणून, "शेत यंदाही आमच्याकडंच ठेवसान नं ताई?"

"त्याचा इथं काय संबंध?" मी म्हणाले, आणि खरोखर मला त्यात काही संबंध दिसला नाही. चैतराम मान हलवत राहिला. मी उदार मनानं म्हणाले की चूक कबूल केली, विषय संपला. त्या दिवशी मी आईला दोनदा तरी सांगितलं असेल, माझा संशय आजवर खोटा ठरलेला नाही. सरांनाही लिहून कळवलं: निवडणाऱ्या मुलीनं भेसळ कबूल केली आहे, तिची शिफारस मी करू शकत नाही, सातही थर मी स्वतः पुन्हा निवडते.

निवडले. कॉलेजातून सुटी काढली, सकाळ-दुपार बसले, डोळे लाल झाले, मान आखडली. शेजारच्या शामकलाबाई खिडकीतून विचारायच्या, "समुद्र सापडला का जी?" या वेळी मात्र कुठं चूक राहायला नको होती. म्हणून संध्याकाळी मी स्वतःच्याही कुप्या उघडून मोजल्या. आधीच्या फेरीत माझ्या कुप्या मी कधी मोजल्या नव्हत्या. दर वेळी साठ भरली. मी निवडलेली, मी मोजलेली, मी झाकलेली. पार्सल बांधलं आणि पाठवलं. सरांनी मधेच यंत्रावर वेळ काढला.

आठ मार्चला रविवार होता. दुपारी छपरीत आई आणि मी तांदूळ चोळत बसलो होतो. धानाचा शेवटचा हिस्सा महिनाभर थोडा थोडा मिलमधून येत होता. फोन वाजला.

"सातपैकी चार कुप्या पुन्हा तशाच," सर म्हणाले. त्यांचा आवाज सपाट होता. "आणि या वेळी कुपीवर भू आहे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"भूमेश्वरी, मी तुम्हाला सरळ विचारतो. तुमच्या घरी बोरॉन कुठून येतंय?"

"घरी कुठलं बोरॉन येणार सर? कवचं तर तिकडं तुम्ही धुता."

"कवचं आम्ही धुतो. पण धुतलेली कवचं परत त्याच कुपीत जातात आणि झाकणही तेच लागतं. ते आम्ही आम्लानं धुवून तुम्हाला दिलेलं असतं, तुम्ही फक्त एकदा उघडून एकदा लावायचं असतं. झाकणाला काही लागलं असेल तर ते आम्हाला कसं कळणार? तुम्ही शोधा. आणि त्या मुलीनं काय कबूल केलं, तेही जरा परत विचारा."

फोन ठेवला. आई म्हणाली, "पावडर सरली व. दुसरा डबा फोड."

मी फळीवरून डबा काढला. पुठ्ठ्याचा, पांढरा, हाताच्या पंजात मावणारा. झाकण उघडायला अंगठा लावला आणि त्यावरचं नाव वाचलं. बोरिक पावडर. खाली बारीक अक्षरात, बोरिक ॲसिड.

आमच्या घरी तिला कुणी बोरिक म्हणत नाही. आजी-पणजीपासून ती किड्याची पावडर. लहानपणापासून मी ती तांदळाला चोळत आले आणि एकदाही डब्यावरचं नाव वाचलं नव्हतं. दूधवाल्याचं दूध नखावर घेणारी मी. बोरॉनवर प्रबंध लिहिणारी मी. तांदूळ चोळला त्या प्रत्येक संध्याकाळी धुतलेले हात त्याच बोरॉननं माखलेल्या ओढणीला पुसून मी रीताच्या कुपीचं झाकण अंगठ्यानं दाबत होते.

स्वयंपाकघरात भिंतीवर दिनदर्शिका आहे. कुणाचे कट्टे कोणत्या दिवशी चोळून बांधले, ते आई तिच्यावर लिहून ठेवते, नाहीतर एकाला दोनदा जातात आणि दुसरा रुसतो. मी वही आणली आणि तारखा लावून पाहिल्या. डिसेंबर-जानेवारीच्या सात, आताच्या चार. अकराच्या अकरा जुळल्या. ज्या दिवशी तांदूळ चोळला नव्हता, त्या दिवशीची एकही कुपी बिघडली नव्हती. आणि पहिल्या फेरीतल्या माझ्या सोळाही कुप्या स्वच्छ होत्या, कारण त्या मी भरल्यावर परत कधी उघडल्याच नव्हत्या. माझ्यावर मला कधी संशयच आला नव्हता.

मी आईला सांगितलं. तिला बोरॉन कळत नाही, पण बाकीचं सगळं कळलं. हात झटकत ती म्हणाली, "म्हंजे कुंपणानंच शेत खाल्लं. आन् पोरगी कायले हो म्हणाली मंग?"

चैतराम अंगणात उभा राहून शेताचं का विचारत होता, ते मला तेव्हा कळलं, महिन्याभरानं. मी डबा तिथंच ठेवला आणि चपला घातल्या.

चैतरामचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. रीता अंगणात सुपानं लाखोरीची डाळ पाखडत होती. चैतराम खाटेवर बसून विळ्याला मूठ बसवत होता. मला पाहून तो ताडकन उठला. मी बसले नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पावडर, ओढणी, झाकण, तारखा. चूक माझी आहे म्हणाले. रीता पाखडायची थांबली नाही. माझं बोलणं संपल्यावर तिनं सूप खाली ठेवलं.

"हे मले कायले सांगून राहिल्या मॅडम?" ती म्हणाली. "मी नाही केलं, हे मले तं मालूमच होतं."

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा रागावेल, किंवा निदान सुटल्यासारखं तरी वाटेल तिला. मी तिला तिचीच गोष्ट सांगायला आले होते, आणि वर माफीची अपेक्षा करत होते.

"तुम्ही कुप्या उघडत होत्या, तेही मालूम होतं," ती पुढे म्हणाली. "झाकणावर एक रेघ राहते. मी ते रेघ नंबरच्या समोर लावून जात होती. दुसऱ्या दिवशी फिरलेली राहे."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलली असती तं तुम्ही म्हटलं असतं, हिले खुणा कायले कराव्या लागतात?"

अगदी हेच म्हटलं असतं मी. शब्दाला शब्द.

"ज्यायले मालूम नाही त्यायले सांगा," रीता म्हणाली. "सरायले लिवा. आत्ता. माह्यासमोर."

चैतराम घाबरून म्हणाला, "रीते, पुरे आता. ताई घरी आल्या, तेवढं पुष्कळ झालं." पण रीता माझ्या हातातल्या फोनकडे पाहत राहिली. मी खाटेच्या कडेवर टेकले आणि लिहिलं. वाचूनही दाखवलं. "नमुने हाताळताना अनवधानानं बाहेरच्या बोरॉनचा संपर्क झाल्याचं आढळलं आहे. रीताचा त्यात दोष नाही."

"अनवधानानं नाही मॅडम," ती म्हणाली. "तुम्ही मोजायले उघडल्या. तसं लिवा."

किती लहानसं वाक्य! तरी ते टाइप करताना माझा अंगठा अडखळला. अठरा वर्षं संशयाला सद्गुण म्हणत आले, आणि स्वतःच्या संशयाला मी 'अनवधान' लिहून मोकळी झाले होते. मी सगळं पुसलं आणि पुन्हा लिहिलं. "रीतावर माझा विश्वास नव्हता. म्हणून तिच्यामागे मी तिच्या कुप्या उघडून मोजत होते. माझ्या हातांना घरच्या तांदळाची बोरिक पावडर होती. तिची सातही कामं निर्दोष होती आणि ती माझ्यापेक्षा तिप्पट वेगानं निवडते. या पत्राला तिची शिफारस समजावं." इथवर तिनं मान हलवली. त्यापुढचं वाक्य मी तिनं न सांगता लिहिलं. "तिनं दिलेली कबुली खोटी आहे. तिचे वडील आमचं शेत करतात. ते जाईल या भीतीनं तिनं ती दिली, आणि मला ते कळायला हवं होतं."

हे वाचलं तेव्हा चैतरामनं मान खाली घातली. रीतानं पहिल्यांदा तोंड फिरवलं आणि ओढणीनं डोळे पुसले. मी पत्र पाठवलं.

जाता जाता मी चैतरामला म्हणाले, "शेताची काळजी करू नका. ठेका तुमच्याकडंच राहील."

तो घुटमळला. बारा वर्षांत त्यानं माझ्याकडे कधी एक कागद मागितला नव्हता. आमचा सगळा व्यवहार तोंडी.

"ताई, राग नका येऊ देऊ," तो म्हणाला. "यंदा जरासं लिवून देता का?"

रीतानं आतून वही आणली. मी लिहून दिलं, तारीख घातली, सही केली. चैतरामला वाचता येत नाही. त्यानं तो कागद रीताकडे दिला आणि ती वाचून संपेपर्यंत तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. ती "बरोबर आहे बा" म्हणाली, तेव्हा कुठे त्यानं घडी केली.

मी अंगणातून बाहेर पडते न पडते तोच फोन वाजला. सरांचं उत्तर. दोघंही माझ्याकडे पाहत होती, म्हणून तिथंच फाटकाशी थांबून मी ते मोठ्यानं वाचलं. रीताला पुढच्या सोमवारी मुलाखतीला बोलावलं होतं. बिघडलेल्या कुप्यांचे थर तीच तिथं बसून पुन्हा निवडेल, असं लिहिलं होतं. माझ्याबद्दल एकच ओळ होती, शेवटची. तीही मी वाचली.

"गाळाच्या उरलेल्या पिशव्या रीताच्या हाती द्याव्यात. तुम्ही उघडू नयेत."